थेंब पडलाच पाहिजे

४ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. जायचे ते गेल्या वर्षीच गेले, तुमचे दादा, म्हणजे माझे हे. फोन केला असता, पण तो तुमची लेक उचलते, 'आई झोपलीये' म्हणते आणि तुम्ही मागे खोकताना मला ऐकू येता. शिवाय तुमचं-माझं फोनवर कधी जमलं नाही. तुम्ही बोलता, मी 'हं' म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला एकेक उत्तर सुचायला लागतं. कागदाचं बरं असतं, तो उत्तर सुचेपर्यंत थांबतो.

काम असं आहे. बोट अजून धक्क्याला आहे. धक्क्याच्या समितीने नवा नियम काढलाय: ज्या बोटीच्या तळात पाणी सापडेल तिने बंदरातून निघायचं. मागे एक बोट जागच्या जागी बुडाली आणि सगळ्यांची वाट अडवून बसली, त्यावरून त्यांना हे सुचलं. आपल्या बोटीत रोज बादलीभर पाणी येतं. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा तो लोखंडी दांडा, तुमचा शाफ्ट, बोटीच्या बुडातून जिथे बाहेर पडतो तिथूनच येतं. मी बॅटरी लावून पाहिलं.

चिरंजीव म्हणतात, विकून टाक. गिऱ्हाईकही आणलंय. मी विचारलं, हा माणूस ती कुठे फिरवणार? तर फिरवणार नाही. बुडाशी वजनाला लावलेलं शिसं आणि इंजिन काढून घेणार आणि बाकीची फोडून जाळणार. बोट माझ्या नावावर आहे, सही माझी लागते, आणि सही मी करणार नाही. पण तपासणीत ती नापास झाली तर तिला ठेवू कुठे? पाण्याबाहेर काढली तर फळ्या सुकून फटी पडतील, आणि मग मुलगा म्हणेल, बघ, मी सांगत होतो.

तपासणी महिनाअखेर आहे. ते पाणी थांबवायचं कसं, ते कळवा.

तुमची
वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

बोट वीक.

तुझा मुलगा बरोबर सांगतोय. तुझं वय एकसष्ट, तुला पोहता येत नाही, आणि तीस वर्षं तू त्या बोटीला सवत म्हणत आलीस. दादा आणि मी शीड उभारून निघालो की तू धक्क्यावर तोंड फुगवून उभी असायचीस. आता अचानक सवतीचा एवढा पुळका कुठून आला? मुलाला खिजवायलाच हे चाललं असेल तर दुसरं काहीतरी शोध. बोट म्हणजे हट्ट करायची वस्तू नाही.

माझे गुडघे बरे आहेत. दोन्ही नवे आहेत, बरे असायलाच हवेत. लेक मला जिनासुद्धा एकटीला उतरू देत नाही.

तुझी
नणंद

ता.क. पाणी येतं तिथे जो नट दिसतो तो एक नाही, दोन आहेत, एकाला एक टेकलेले. एकच पाना घेऊन झटायला जाशील तर दोन्ही एकदम फिरतील आणि मागची जाड रबरी नळी पिळून फाटेल. म्हणून सांगते, हात लावूच नकोस.

१७ फेब्रुवारी

वन्सं,

दोन पाने आणले. ता.क. बद्दल आभारी आहे, पत्रात कामाचं तेवढंच होतं.

सवत म्हणायचे, खरं आहे. आजही म्हणेन. पण सवत झाली तरी घरातली आहे, तिला खाटकाच्या दारात नेऊन बांधणार नाही.

आणि पुळका कुठून आला म्हणता, तर ऐका. हे गेल्यावर मी बोट आवरायला गेले होते. विकायचीच होती तेव्हा, माझंही तेच मत होतं. डबे, चादरी, त्यांचा फाटका स्वेटर, सगळं पिशव्यांत भरलं. मग म्हटलं, इंजिन तरी चालतंय का पाहू. चाललं. मग दोर सोडले. का सोडले ते मला विचारू नका. बोट जागेवरून निघाली, समोरच्या खांबापर्यंत गेली, आणि मी ती वळवून परत आणली. एका बाजूचा रंग खरवडला, पण आणली. तेवढ्या वेळात मला कुणी 'इकडे बस, तिकडे नको, दोरावर पाय देऊ नकोस' म्हणालं नाही. वन्सं, मी तीस वर्षं धक्क्यावर उभी होते, कारण मला कुणी 'ये' म्हणालंच नव्हतं. डबा मात्र दोघंही मागून घ्यायचात.

मी ती पुन्हा चालवणार आहे. एवढंच आहे, यात मुलाचा संबंध नाही. आता सांगता की नाही? नसेल सांगायचं तर मी आपली धडपडत शिकेन, आणि बुडालेच तर तुमचं नाव घेऊन बुडेन.

वहिनी

२२ फेब्रुवारी

वहिनी,

डबा मागायचो हे खरं. 'ये' म्हणालो नाही हेही खरं. तुला बोट लागते असं दादाने परस्पर ठरवून टाकलं होतं. तू एकदाही चढलेली नसताना त्याला हे कसं कळलं, हे मीही कधी विचारलं नाही.

आता नीट वाच. शाफ्टभोवती जी पितळी डबी आहे तिला आम्ही ग्लँड म्हणतो. तिच्यात तेलकट दोरीची कडी एकामागे एक भरलेली असतात, आणि मोठा नट त्यांना दाबून धरतो. ती दोरी झिजली की पाणी शिरतं. दादाला तिथे कधी जाता आलं नाही, पोट आडवं यायचं. जन्मभर ती डबी मीच भरली आणि तो वर बसून 'झालं का?' विचारायचा. तू काडी आहेस, मावशील. तुझ्या काडीपणाचा कुणाला तरी उपयोग झाला.

दोन पाने घे. एकाने मागचा नट धर, दुसऱ्याने पुढचा सोडव. मोठा नट मागे घेतलास की पाणी येईल, घाबरायचं नाही, शाफ्टभोवती फडकं गुंडाळ. जुनी दोरी आकड्याने उकरून काढ, सगळी, एक तूसही ठेवू नकोस. नवी दोरी त्याच जाडीची चौकोनी घे. शाफ्टएवढ्या जाडीच्या एखाद्या दांड्यावर गुंडाळून कडी काप, काप तिरका दे. कडी बसवताना एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यामागे येऊ देऊ नकोस, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळेल. मग नट हातानेच लाव. बोट धक्क्याला घट्ट बांध, इंजिन गिअरमध्ये टाक, आणि पान्याने नट जरा जरा पुढे घे.

आणि पाणी पूर्ण बंद करायचं नाही. शाफ्ट फिरताना थेंब पडलाच पाहिजे. मिनिटाला दोन-चार. का ते विचारू नकोस, तसंच असतं.

बोट घेऊन एकटी बाहेर जाऊ नकोस.

तुझी
नणंद

२ मार्च

वन्सं,

पास!

आकड्याऐवजी क्रोशाची सुई घेतली, काम झकास झालं. शाफ्टच्या जाडीचं काय मिळेल म्हणून घरभर शोधलं, तर लाटणं बरोब्बर त्याच जाडीचं निघालं. दोरी त्यावर गुंडाळून कापली. झाकणाखालच्या त्या भोकात डोकं खाली आणि पाय वर अशी मी लटकले होते, तेव्हा शेजारच्या बोटीवरचा म्हातारा विचारत होता की तुम्हाला बाहेर काढू का. मी म्हटलं, आधी तो पाना द्या.

आता तुमच्या थेंबाचं. वाचून मला हसू आलं. तपासणी कशाची, तर पाण्याची, आणि नणंद सांगते, गळू दे. का ते विचारायचंही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमच्या घराची रीत मी तीस वर्षं पाहिली आहे. 'वीक' म्हणून सुरुवात केलीत, मी ऐकलं नाही, म्हणून बोट नापास करायची ही युक्ती. मी पाना लावला आणि नट आवळला, थेंब थांबेपर्यंत. मग आणखी अर्धा फेरा, तुमच्या नावाने.

धक्क्याचे साहेब आले, वाकले, तळात हात फिरवला. हात कोरडा. म्हणाले, बाई, इतकं कोरडं माझं न्हाणीघर नसतं. चिरंजीव शेजारी उभे होते, तोंडात लिंबू पिळल्यासारखे.

रविवारी मी बाहेरच्या तरंगत्या बोयापर्यंत जाऊन येणार आहे. एकटी. तुम्ही नको म्हणालात म्हणून तर नक्कीच.

वहिनी

५ मार्च

वहिनी,

रविवारी जाऊ नकोस. हे पत्र नाही, धमकी आहे. चार वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून कुरिअरने पाठवतेय.

आत्ता जा आणि नट सैल कर, थेंब दिसेपर्यंत. ती दोरी त्याच पाण्याने ओली राहते आणि त्याच पाण्याने थंड राहते. कोरडी दोरी फिरत्या लोखंडाला घासली की तापते, तापली की जळते, आणि एकदा जळली की थेंब नाही, धार लागते. हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण मी सांगितलं की 'का' न विचारता करायचं, अशी मी सगळ्यांना सवय लावली आहे. तूच एक निघालीस.

आणखी एक. तुझ्या मुलाने मला जानेवारीत फोन केला होता, आत्या, आईला समजव. मी हो म्हटलं. 'वीक' लिहिलं ते त्याच्यासाठी. 'थेंब पडू दे' लिहिलं ते बोटीसाठी आणि तुझ्यासाठी. मी तुला जन्मभर पाण्यात पाहिलं असेल, पण बुडवणार नाही.

फोन उचल.

नणंद

९ मार्च

वन्सं,

कुरिअरवाला सोमवारी आला. मी रविवारी जाऊन आले होते.

बोयापर्यंत छान गेलं. वारा नव्हता, म्हणून इंजिनावरच होते. वळवली आणि वास आला, जळक्या सुंभाचा. मग पायाखालच्या झाकणातून धूर. झाकण उघडलं, शाफ्टजवळ हात नेला तर धग लागली. इंजिन बंद केलं. धूर थांबला आणि पाणी सुरू झालं, तुम्ही लिहिलंय तशीच धार. तुमचं पत्र वाचायच्या आधीच मला ते पाठ झालं होतं.

मला रडू आलं. पण बोटीत पाणी आधीच पुरेसं होतं, म्हणून आवरलं. नांगर टाकला. तिथे पाणी उथळ आहे, नांगर धरला. शाफ्टभोवती चादर आवळून बांधली, बादलीने उपसलं, पुन्हा आत शिरले. ते पितळ हाताला सोसेपर्यंत थांबावं लागलं आणि तोवर पुन्हा उपसावं लागलं. दोरी कोळसा झाली होती. क्रोशाच्या सुईने तुकडे उकरले, तोंडावर पाणी उडत होतं, शिव्या कुणाकुणाला दिल्या ते लिहीत नाही, तुमचा नंबर दुसरा होता. नशीब, उरलेली दोरी आणि लाटणं बोटीवरच होतं. नवी कडी भरली, नट हातानेच लावला, इंजिन हळू चालू केलं आणि डोळे फाडून बघत बसले. पहिला थेंब पडला. दुसरा पडला. पितळेवर हात ठेवला, कोमट. तशीच रमतगमत परत आले आणि बोट बांधली. या खेपेला रंगही खरवडला नाही.

अति तिथे माती. चूक माझी होती. झालं, लिहिलं, पुन्हा काढू नका.

पण धूर सगळ्या बंदराने पाहिला. साहेब दुसऱ्या दिवशी हजर. झाकण उघडलं, इंजिन लावायला सांगितलं, थेंब पाहिला. मी म्हटलं, तो पडलाच पाहिजे. ते म्हणाले, पडत असेल बाई, पण नियमात पाणी म्हणजे पाणी, थेंब वेगळा आणि धार वेगळी असं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, साहेब, मी नट आवळला तसा तुम्ही नियम आवळलाय, जळेल एक दिवस. ते हसले, पण मुदत दिलीच. या महिनाअखेर बोट बंदराबाहेर.

संध्याकाळी चिरंजीव गिऱ्हाइकाला घेऊन आले. तो माणूस कलिंगड निवडावं तसा बोटीच्या अंगावर बोटं वाजवत फिरत होता. मी आतून ओरडले, आत माणूस आहे! पळाला धक्क्याच्या टोकापर्यंत.

मुलगा म्हणाला, आई, मरता मरता वाचलीस तू. मी म्हटलं, वाचले ना? त्याचे डोळे भरून आले होते. वन्सं, तो वाईट नाही. बाप गेला, आता आईला पाण्यावर बघून तो घाबरतो. मला कळतं ते, आई आहे मी त्याची. पण त्याची भीती जावी म्हणून मी पुन्हा धक्क्यावर जाऊन उभी राहणार नाही.

आता मला सल्ला नको, जागा हवी. तुम्ही दोघं एवढी गावं पालथी घालत होतात, कुठेतरी एखादा खांब असेलच.

वहिनी

१४ मार्च

वहिनी,

तुझं पत्र लेकीने मला वाचून दाखवलं आणि मध्येच थांबून म्हणाली, आई, ही मामी की कोण? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी आजवर लोकांना उगाच लावत होते.

जागा आहे. आमच्या गावाखाली नदी समुद्राला मिळते तिथे जुन्या तरीचे खांब आहेत. पूल झाला आणि माणसं पार नेणारी ती तर बंद पडली, पण तरवाला अजून तिथेच राहतो. काल रिक्षा करून गेले, त्याला विचारलं. म्हणाला, बांधा की, खांब मोकळेच आहेत. मी म्हटलं, बोट जरा गळते. तो म्हणाला, न गळणारी पाहिली नाही मी अजून.

पण तिथे येणं सोपं नाही. मुखाशी वाळूचा बांध आहे, ओढ समोरून असते, वारा मिळाला तरी शेवटी इंजिन जोरात लावावं लागतं, आणि बराच वेळ. ग्लँड तेवढा वेळ टिकली तर टिकली. सुकाणू सोडून खाली बघायला जाता येत नाही. तिथे एकटीचं काम नाही, हे मी दरडावून सांगत नाही, आहे ते सांगते.

शीड आणि सुकाणू मी बघू शकते. ग्लँडपाशी मी शिरू शकत नाही, गुडघे तेवढे वाकत नाहीत. ते तुझं. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकायचा मला कंटाळा आलाय. लेकीला सांगितलं, जाणार. तिने डॉक्टरांचं नाव काढलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी गुडघे चालायला दिलेत, कपाटात ठेवायला नाही. तणतणत आत गेली, आज माझी पिशवी भरून ठेवलीये.

पण बोट तुझी आहे. म्हणून विचारते, आणि हे मी आयुष्यात कुणाला विचारलेलं नाही. तुझ्या बोटीवर मी येऊ का?

डबा मी आणते.

नणंद

२९ मार्च

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

धक्क्यावर आपली जागा रिकामी दिसली असेल. घाबरू नकोस, बोट बुडालेली नाही. मी घेऊन गेले आहे. आत्या बरोबर आहे.

तुला न सांगता निघाले, कारण तू रडला असतास आणि मी थांबले असते. निघताना साहेब धक्क्यावर आले होते. पुढचा दोर त्यांनीच सोडवून दिला आणि हात केला.

सांगण्यासारखं खूप आहे, थोडंच लिहिते. बाहेर वारा होता, आत्याने शीड उभारलं आणि मला सुकाणू धरायला लावलं. मला बोट लागली नाही. तुझ्या बाबांचं हे एक चुकलंच. मुखाशी आलो तेव्हा ओढ इतकी होती की इंजिन पूर्ण जोरात असूनही काठावरचं एकच झाड कितीतरी वेळ आमच्या शेजारीच उभं होतं. आत्या सुकाणूवर दात-ओठ खात होती आणि मी आत उताणी पडून पितळेवर हात ठेवून होते. ती वरून ओरडायची, कशी आहे? मी खालून ओरडायचे, कोमट! थेंब पडतोय! एकदा जरा जास्त गरम लागली तेव्हा मी पाना लावून किंचित सैल केली, आत्याला न विचारता. दोन थेंबांचे पाच झाले आणि ती निवली. मग ते झाड मागे पडलं. आता आम्ही खांबाला बांधून आहोत, आणि रोज सकाळी लोटाभर पाणी उपसतो.

आत्या म्हणते, तिला दोन ओळी लिहायच्या आहेत.

बाळा, तुझ्या आईला समजावते म्हणाले होते, समजावायला गेले आणि फितूर झाले. रागव. पण तिचा हात दादापेक्षा हलका आहे आणि कान माझ्यापेक्षा तिखट, हे तुला माहीत असावं. तिला बोटीवरून उतरवायचं असेल तर आता दोघींना उतरवावं लागेल. आत्या.

पुन्हा मी. तुला भीती वाटते की मी बुडेन. राजा, बुडायला मला बोट लागत नव्हती. तुझ्या बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून मी वर्षभर तेच करत होते, आणि तू रोज येऊन विचारायचास, आई, जेवलीस ना? तेव्हा मी कोरडी होते, म्हणून तुला वाटायचं सगळं ठीक आहे.

गिऱ्हाइकाला सांग, शिसं बुडाशी आहे आणि तिथेच राहणार आहे. सही मागू नकोस. भेटायला मात्र ये, जरूर ये, झोपायला तिसरी जागा आहे. चढताना दोरावर पाय देऊ नकोस. आणि 'परत चल' एवढंच म्हणायला येणार असशील तर ते काठावरूनच म्हण. मला ऐकू येणार नाही, इंजिन चालू असेल.

तुझी
आई